जेएमआरआय ४ वरून ५ वर गेल्यावर फोन जोडला जात नाही, डिकोडरही वाचला जात नाही

एचओ_रूळ

नमस्कार मंडळी. ८ बाय ४ फुटांचा एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा) लेआउट आहे. कमांड स्टेशन (रुळांतून इंजिनांना डीसीसी, म्हणजे डिजिटल हुकूम पाठवणारं यंत्र) डीसीसी-ईएक्स: आर्डुइनो मेगाचा क्लोन बोर्ड (यूएसबीसाठी सीएच३४० चिप) आणि त्यावर एल२९८ चिपचा मोटर शील्ड (रुळांना करंट देणारा वरचा बोर्ड). लॅपटॉपवर विंडोज १०. जेएमआरआय (लेआउट चालवण्याचा संगणकावरचा प्रोग्रॅम) ४.२६ आणि जावा ८ वर सगळं सुरळीत होतं. ५ टाकल्यावर आधी ते उघडेचना. जावा ११ टाकल्यावर उघडलं, पण आता तीन गोष्टी अडल्या आहेत.

पहिली, कॉम४ पोर्ट सापडत नाही असं म्हणतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बोर्ड कॉम७ वर दिसतो.

दुसरी, फोनवरच्या इंजिन ड्रायव्हर ॲपला जेएमआरआयचा सर्व्हर सापडत नाही. टॅबलेटच्या ब्राउझरवर लेआउटचं पॅनेल दिसायचं, तेही उघडत नाही. लॅपटॉपच्याच ब्राउझरवर मात्र उघडतं.

तिसरी, प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (इंजिनातल्या डिकोडर चिपची सेटिंग वाचण्या-लिहिण्याच्या वेगळ्या रुळावर) कुठलंही इंजिन ठेवलं तरी जेएमआरआयचं डिकोडरप्रो ३०८ एरर देतं. मेन ट्रॅकवर तीच इंजिनं व्यवस्थित धावतात. पूर्वीचा शील्ड जळाल्यामुळे त्याच आठवड्यात नवीन, स्वस्तातला शील्ड बसवला आहे.

परत ४.२६ वर जाऊ का?

कॉमपोर्ट

मागे जाऊ नका. पहिल्या दोन अडचणी विंडोजच्या आहेत, जेएमआरआयच्या नाहीत.

कॉम पोर्टचं असं आहे. सीएच३४० चिपला स्वतःचा सीरियल नंबर नसतो. त्यामुळे विंडोज बोर्डाला ओळखत नाही, यूएसबीचं भोक ओळखतं. केबल दुसऱ्या भोकात गेली की नवा नंबर मिळतो. केबल पूर्वीच्या भोकात घाला, म्हणजे कॉम४ परत येईल. किंवा प्रेफरन्सेस → कनेक्शन्समध्ये जाऊन कॉम७ निवडा, सेव्ह करा आणि जेएमआरआय पुन्हा सुरू करा. भोकावर छोटी चिठ्ठी चिकटवून ठेवा. आर्डुइनोचा सीरियल मॉनिटर उघडा राहिला असेल तर तो आधी बंद करा, कारण एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. पोर्ट उघडताना मेगा रीसेट होतो, म्हणून पहिले काही सेकंद उत्तर येत नाही. तेवढं थांबून मगच ट्रॅक पॉवर द्या.

आता फोन. लॅपटॉपवर पान उघडतं याचा अर्थ जेएमआरआयचा सर्व्हर जिवंत आहे. विंडोज फायरवॉलची परवानगी प्रोग्रॅमच्या पूर्ण पत्त्याला दिलेली असते. पूर्वी ‘हो’ म्हटलं होतं ते जावा ८ च्या फोल्डरमधल्या फाइलसाठी. जावा ११ वेगळ्या फोल्डरमध्ये बसलं, म्हणून फायरवॉलच्या लेखी तो परका प्रोग्रॅम झाला. परवानगीची खिडकी आली असेल आणि घाईत ‘रद्द’ दाबलं गेलं असेल, तर अडवणारा नियमच तयार होतो. तो सापडला तर आधी पुसा. अडवणारा नियम शिल्लक असेल तर परवानगीच्या नियमाचा उपयोग होत नाही.

त्यानंतर इनबाउंड रूल्समध्ये टीसीपीचे दोन पोर्ट उघडा: १२०९० वायथ्रॉटलसाठी (फोनवरून गाडी चालवण्याची सोय) आणि १२०८० वेब सर्व्हरसाठी. परवानगी फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कला द्या आणि घरचं वायफाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेलं आहे ना, तेही बघा. ‘पब्लिक’ राहिलं असेल तर नियम असूनही काही घडत नाही, आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

इंजिन ड्रायव्हरमध्ये सर्व्हर आपोआप दिसला नाही तर लॅपटॉपचा आयपी आणि १२०९० हाताने टाका. राउटरमध्ये लॅपटॉपला एकच आयपी कायमचा राखून ठेवा, नाहीतर टॅबलेटवर साठवलेला पत्ता कधीतरी बदलेल. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर फोन असेल तर तो लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

ब्राउझरबद्दल आणखी दोन गोष्टी. पॅनेल तिथे दिसण्यासाठी ते जेएमआरआयच्या पॅनेलप्रोमध्ये लोड झालेलं असावं लागतं. स्टार्टअपच्या यादीत पॅनेलची फाइल घालून ठेवा. आणि ब्राउझरवरून ट्रॅक पॉवर चालू-बंद होत नसेल तर बिघाड समजू नका. वेब सर्व्हरच्या प्रेफरन्सेसमध्ये पॉवर मुळात ‘फक्त बघण्यापुरती’ ठेवलेली असते. घरात लहान मुलं असतील तर ती तशीच असू द्या.

एक राहिलंच: हेल्प → लोकेशन्समध्ये प्रोफाइल आणि रोस्टरचे (इंजिनांच्या यादीचे) फोल्डर दिसतील. त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. ५ मध्ये साठवलेली पॅनेलची फाइल ४.२६ मध्ये उघडेलच अशी खात्री नाही.

साठ_मिलिअँप

तिसऱ्या अडचणीचा संशय सरळ नव्या शील्डवर जातो.

डिकोडर वाचताना तो बोलून उत्तर देत नाही. कमांड स्टेशन विचारतं, ‘या सीव्हीचा (डिकोडरमधल्या सेटिंगच्या कप्प्याचा) हा बिट १ आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर डिकोडर मोटरला झटका देऊन साधारण ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँप जादा करंट ओढतो. रुळावरचं इंजिन किंचित थरथरतं ते यामुळेच. ही वाढ मोजता आली नाही की ३०८, म्हणजे पोच आली नाही.

आर्डुइनोचा मूळ आर३ मोटर शील्ड मोजणीसाठी प्रत्येक अँपिअरमागे १.६५ व्होल्ट देतो. चॅनल ए चे मेगाच्या ए० पिनवर, चॅनल बी चे ए१ वर. ६० मिलिअँपला होतात ०.०९९ व्होल्ट. मेगा ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे ही वाढ जेमतेम २० पायऱ्यांची. इतकं बारीक मोजमाप आहे हे! आणि एल२९८ चे बरेच स्वस्त शील्ड ही मोजणी करतच नाहीत. सेन्सची पिन सरळ ग्राउंडला जोडलेली असते. गाडी धावते, वाचन कधीच होत नाही.

तपासायला मोटारीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घ्या. सगळी इंजिनं उचलून ठेवा, बल्ब मेन ट्रॅकच्या दोन रुळांना जोडा, पॉवर द्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ए० आणि ग्राउंडमध्ये मोजा. ०.७ व्होल्टच्या आसपास आलं तर शील्ड चांगला. शून्य किंवा भरकटणारा आकडा आला तर त्यात सेन्सिंग नाही.

रुळांवर पाच रुपयांचं नाणं आडवं ठेवून शॉर्ट तपासायची पद्धत या बल्बच्या आधी अजिबात करू नका. सेन्सिंग नसेल तर डीसीसी-ईएक्सला शॉर्ट कळतच नाही, पॉवर तुटत नाही आणि चिप भाजते. पूर्वीचा शील्ड का जळाला तेही शोधा.

बल्बची चाचणी पास झाली आणि तरीही ३०८ येत असेल, तर रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग डिकोडरच्या नारिंगी आणि राखाडी तारा मोटरला पक्क्या आहेत का बघा. मोटर जोडलेली नसेल तर झटका द्यायला काहीच नसतं. कीप-अलाइव्हचा (क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) कपॅसिटर असेल तर वाचताना तो सोडवा. एन स्केलच्या (एचओहून लहान मापाच्या इंजिनांच्या) छोट्या मोटरा कमी करंट ओढतात. त्यांच्यासाठी डीसीसी-ईएक्सची ॲक लिमिट (पोच मानायला लागणारा किमान जादा करंट) ३० मिलिअँपपर्यंत उतरवून पाहा.

घाटबँकर

वरच्या सगळ्याशी सहमत. शील्ड जळण्याबद्दल भर घालतो.

शील्ड नुसता मेगावर बसवला तर ट्रॅकचा पुरवठा व्हीइन पिनेतून मेगाच्या रेग्युलेटरवर जातो. १५ व्होल्टचा पुरवठा आणि बोर्ड-वायफाय मिळून ०.३ अँपिअर धरले, तर रेग्युलेटरला (१५ − ५) × ०.३ म्हणजे ३ वॅट उष्णता सोसावी लागते. तो तापून बंद पडतो, मेगा मधेच रीसेट होतो आणि दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी जातो. शील्डच्या पाठीमागे ‘व्हीइन कनेक्ट’ची पट्टी धारदार कटरने कापा, मीटरने तुटल्याची खात्री करा, आणि मेगाला वेगळा ७ ते ९ व्होल्टचा ॲडॅप्टर द्या. एल२९८ मध्ये सुमारे २ व्होल्ट जातात, म्हणून एचओला १५ व्होल्टचा पुरवठा बरोबर बसतो.

एचओ_रूळ

खूप आभार. फायरवॉलमध्ये जावाचा अडवणारा नियम होता. तो पुसून दोन्ही पोर्ट उघडल्यावर फोन आणि टॅबलेट दोन्ही जोडले गेले. बल्ब लावल्यावर ए० वर शून्यच. शील्ड बदलतो. तोवर एका इंजिनाला १६८०० हा नंबर द्यायचा आहे, ते करता येईल का?

साठ_मिलिअँप

१६८०० बसणार नाही. डीसीसीचा लांब पत्ता १०२३९ पर्यंतच जातो. आपल्या पाच आकडी इंजिनांना शेवटचे चार आकडे द्यायचे: ६८००.

६८०० ला २५६ ने भागा: २६, बाकी १४४. सीव्ही१७ मध्ये १९२ + २६ = २१८ आणि सीव्ही१८ मध्ये १४४. सीव्ही२९ मध्ये ३४, म्हणजे लांब पत्त्याचे ३२ आणि २८/१२८ स्पीड स्टेप्सचे २. साध्या डीसीवरही चालवायचं असेल तर ३८.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ते एकच इंजिन ठेवा. सिंगल सीव्ही प्रोग्रॅमरमधून आधी १७, मग १८, शेवटी २९ लिहा. प्रत्येक वेळी ३०८ येईल, तरी लिहिलं जातं. पोच तेवढी ऐकू येत नाही. मग मेनवर ६८०० ने चालवून बघा.

घाटबँकर

आणि नाहीच हललं तर त्याच पद्धतीने सीव्ही१९ मध्ये ० लिहा. कर्जतच्या बँकरसारखी (घाटात गाडीला मागून ढकलणारी) दोन-तीन इंजिनं कधी एकत्र जोडली असतील, तर कन्सिस्टचा (त्या जोडीचा) पत्ता तिथे शिल्लक राहतो. तो असेपर्यंत इंजिन स्वतःच्या पत्त्यावर वेगाचा हुकूम घेत नाही.