पायोनियर एकटे नव्हते
डिजिटल क्षेत्रात नवं काही आणण्याबद्दलच्या चर्चेत बहुतेकांचा सूर असा दिसतो की अमेरिकेतले पायोनियर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्तीला निघालेले लोक, कुणावर विसंबले नाहीत, इथेही तसंच धाडस हवं. धाडस हवंच. पण पश्चिमेकडे जाणाऱ्या ओरेगन ट्रेल या लांबलचक वाटेवर एकटे जाणारे फार थोडे. लोक तांडा करून निघत, कप्तान निवडत, पहाऱ्याचे आणि तंटे मिटवण्याचे नियम ठरवत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १८४६ चा कॅलिफोर्नियाला निघालेला डॉनर तांडा. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज यांनी कॅलिफोर्नियाची जवळची वाट पुस्तकात सुचवली, तेव्हा ते स्वतः त्या वाटेने गेलेलेच नव्हते. जेम्स क्लायमन हे प्रवासी मात्र नुकतेच त्याच वाटेने उलट दिशेने आले होते. वाटेतल्या फोर्ट लॅरमी या ठाण्यावर त्यांनी तांड्याला बजावलं, जुनीच वाट धरा. तांड्याने ऐकलं नाही. वासाच पर्वतात झाडं तोडत रस्ता करावा लागला, खाऱ्या वाळवंटात बैल गेले, सिएरा नेवाडा पर्वतात बर्फाने गाठलं. ८७ पैकी जवळपास निम्मे दगावले. आज शाळेत, दवाखान्यात नवी प्रणाली आणताना आपण विकणाऱ्याचं सादरीकरण पाहतो. ती वापरून बसलेल्यांना कोण विचारतं?

आणखी एक. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, पण ती रिकामी नव्हती; मूळ रहिवाशांना हुसकावून ती 'मोकळी' केलेली होती. त्या यातनांची बरोबरी कशाशीच होणार नाही. तरी लोकांचे फोटो, लेखन, आवाज 'नेटवर पडलेलेच आहेत' म्हणून न विचारता उचलले जातात, तेव्हा मला तोच 'मोकळंच आहे, घ्या' हा युक्तिवाद ऐकू येतो.