केंद्र जवळ आहे, पण उपचारांचा दर्जा कोणाकडे मागायचा?

प्रश्न (मंगळवेढा तालुका)
आमच्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र अवघ्या चार किलोमीटरवर आहे, त्यामुळे दवाखाना लांब असल्याची तक्रार मी करणार नाही. माझ्या आईला चार वर्षांपासून रक्तदाबाचा विकार आहे. केंद्रात केसपेपर निघतो, जुनीच गोळी लिहून मिळते, आठ-दहा दिवसांच्या गोळ्या हातात पडतात, आणि रक्तदाब बहुतेक वेळा मोजलाही जात नाही. ज्वारीच्या काढणीत रोजगार बुडवून पुन्हा जाणे तिला जमले नाही आणि गोळ्यांत खंड पडला. गेल्या फाल्गुनात तिला चक्कर आली तेव्हा तालुक्यातील एका खासगी दवाखान्याने सलाईन लावून तिला घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी डावा हात उचलेना, म्हणून आम्ही तिला सोलापूरला हलवले. आता ती चालते, बोलते, परंतु तिला भाकरी थापता येत नाही. असे दुसऱ्या कोणाचे होऊ नये यासाठी गावाने नेमके काय मागावे?

उत्तर (निवृत्त आरोग्य सहायक, बार्शी)
ताई, वाचून फार वाईट वाटले. निकषांनुसार सपाट प्रदेशात 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. बाह्यरुग्ण तपासणी, बाळंतपणे, लसीकरण आणि अहवाल यांत डॉक्टरांचा दिवस संपतो हे मी जवळून पाहिले आहे, तरीही रक्तदाब न मोजता गोळी देण्याचे समर्थन त्यातून होत नाही. मोजायला दोन मिनिटे लागतात. आपण उपकेंद्रापासून सुरुवात करावी. 2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, त्यांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि 30 वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करणे हे त्यांच्या कामातच येते. आईचे नाव त्यांच्या नोंदीत आहे का ते पाहावे, प्रत्येक भेटीचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा, आणि गोळ्या निदान महिनाभराच्या मागाव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर ही मागणी अधिकच निकडीची आहे, कारण ती माणसे कित्येक महिने गावातच नसतात.

उत्तर (जनऔषधवैद्यकशास्त्राची, म्हणजे सामुदायिक आरोग्याची विद्यार्थिनी, सोलापूर)
आपण अंतराऐवजी दर्जाबद्दल विचारले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2018 मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या 137 देशांचा हिशेब मांडला होता. योग्य उपचारांनी टळू शकणाऱ्या वर्षाकाठच्या सुमारे 86 लाख मृत्यूंपैकी 50 लाख मृत्यू उपचारांपर्यंत पोहोचलेल्या, परंतु निकृष्ट उपचार मिळालेल्या माणसांचे होते. उरलेले 36 लाख दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. उच्च रक्तदाब बहुधा काही जाणवू देत नाही, म्हणून 140/90 च्या वरचा आकडा वारंवार आढळणाऱ्या माणसाला बरे वाटत असतानाही गोळी चालू ठेवावी लागते, आणि ती लागू पडते की नाही हे मोजल्यावाचून कळत नाही. आपल्या आईंची चक्कर ही पुढच्या पक्षाघाताच्या झटक्याची सूचना होती का, हे येथून सांगणे योग्य होणार नाही. मात्र तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक घडल्यास सलाईनसाठी थांबू नये, लगेच 108 ला फोन करावा. पक्षाघातात मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

उत्तर (ग्रामपंचायत सदस्य, सांगोला तालुका)
आमच्या गावी आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीची बैठक वर्षानुवर्षे कागदावरच होत असे. आम्ही ती मंदिराच्या ओसरीवर भरवली, आशाताईंना आणि नर्सबाईंना बोलावले, आणि किती जणांचा रक्तदाब या महिन्यात मोजला एवढे एकच विचारले. पुढच्या महिन्यापासून वही भरू लागली. केंद्रातील अडचणी रुग्ण कल्याण समितीपुढे लेखी मांडाव्यात आणि अर्जाची पोहोच घ्यावी.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी आईला घेऊन उपकेंद्रात जाते. गल्लीतल्या आणखी तीन बायका बीपीच्या गोळ्या खातात, त्यांनाही सोबत नेईन, आणि चौघींचे आकडे कार्डावर लिहून घेईन.