मदत हवी आहे: साउथॅम्प्टनच्या क्रूझसाठी लंडनचा कुठला विमानतळ? (कोल्हापूरहून, सोबत आई-बाबा)

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नॉर्वेची सात रात्रींची क्रूझ ठरवतोय. माणसं चार, मोठ्या बॅगा चार. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि लांबची चाल जमत नाही. क्रूझच्या पानावर 'लंडन (साउथॅम्प्टन)' लिहिलंय. बोट शनिवारी दुपारी साडेचारला सुटते आणि पुढच्या शनिवारी सकाळी साडेसहाला परत लागते.

लंडन म्हणून शोधलं की हीथ्रो, गॅटविक, ल्यूटन, स्टॅनस्टेड अशी यादीच येते. दुबईमार्गे गॅटविक थोडं स्वस्त दिसतंय. कुठला घ्यावा? इकडून मुंबई, पुणे की गोवा? आणि शनिवारी सकाळी उतरून दुपारी बोट धरली तर चालेल का? एका रात्रीचं हॉटेल वाचेल.

खिडकीची_सीट

कंसातला शब्द खरा, कंसाबाहेरचा जाहिरातीचा. साउथॅम्प्टन लंडनमध्ये नाही, तिथून सव्वाशे किलोमीटरवर दक्षिण किनाऱ्याला आहे. हाच 'लंडन' शब्द टिलबरी आणि डोव्हर या बंदरांनाही लावतात आणि ती दोन्ही पूर्वेच्या अंगाला आहेत. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी क्रूझच्या कन्फर्मेशनवर बंदराचं नाव पुन्हा बघा. टिलबरी असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

साउथॅम्प्टनच असेल तर हीथ्रो घ्या. तो लंडनच्या पश्चिमेला आहे, बाहेर पडलं की एम२५ (लंडनभोवतीचा वळसा महामार्ग) आणि मग एम३ महामार्ग धरून सरळ खाली. शहरात शिरावं लागत नाही. अंतर साधारण १०५ किमी, रस्ता मोकळा असेल तर दीड तास. गॅटविक दक्षिणेला असल्यामुळे नकाशात जवळ वाटतो, पण रस्त्याने १४०-१४५ किमी पडतो. ल्यूटन उत्तरेला, स्टॅनस्टेड ईशान्येला. दोन्हीकडून लंडनला अर्धा वळसा घालावा लागतो, आणि एम२५ शुक्रवारी दुपारी कसा असतो ते नकाशावरच्या लाल रेघेत बघा. ते दोन यादीतून काढून टाका. खुद्द साउथॅम्प्टनलाही विमानतळ आहे, पण तो छोटा. भारतातून तिथं सरळ जाता येत नाही.

दुसरं कारण म्हणजे मुंबई-हीथ्रो थेट विमानं आहेत. साडेनऊ-दहा तास किंवा जरा जास्त. एकदा बसलं की उतरायचं ते तिथंच. आईंच्या गुडघ्यांसाठी दुबईला मध्यरात्री एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जाणं टळतंय, हे वाचलेल्या पैशापेक्षा मोठं आहे.

गॅटविकच्या बाजूने एकच मुद्दा भक्कम आहे. तिथलं रेल्वे स्टेशन विमानतळालाच जोडलेलं आहे आणि तिथून साउथॅम्प्टन सेंट्रलला लोकलनं जाता येतं, साधारण दोन तास. दोनच माणसं आणि केबिन बॅगा असत्या तर मीही तेच सांगितलं असतं. चार मोठ्या बॅगा घेऊन ब्रिटिश लोकलमध्ये जागा शोधायची, त्यात रविवारी रुळांची कामं निघाली तर मध्येच बसमध्ये बसवतात. नको.

रंकाळ्याचा_वारा

हीथ्रो पटलं. पण हीथ्रोहून पुढं कसं? मित्र म्हणतो ट्यूबनं (लंडनच्या मेट्रोनं) वॉटर्लू स्टेशन गाठ आणि ट्रेन पकड.

खिडकीची_सीट

वॉटर्लू ते साउथॅम्प्टन सेंट्रल गाडी उत्तम आहे, सव्वा-दीड तास. पण वॉटर्लूपर्यंत जाताना आधी एलिझाबेथ लाइन, मग मध्ये बदलून दुसरी लाइन, सरकते जिने, गर्दी. लंडनमध्ये दोन दिवस राहणार असाल तर तो मार्ग घ्या. विमानातून उतरल्या उतरल्या नाही.

दोन सरळ पर्याय आहेत. पहिला नॅशनल एक्सप्रेसची कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस. ती टर्मिनल २ आणि ३ यांच्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून सुटते, सव्वादोन तासांच्या आसपास साउथॅम्प्टनच्या कोच स्टेशनला सोडते आणि तिथून बंदराला छोटी टॅक्सी. सामानाची मर्यादा बॅगेमागे २० किलो. विमानाला २३ चालतात म्हणून २३ भरू नका. तुमचं विमान टर्मिनल ४ किंवा ५ ला उतरत असेल तर २-३ ला जायला टर्मिनलांमधली रेल्वे फुकट आहे.

दुसरा म्हणजे आधी ठरवलेली गाडी. चौघांत भाग पाडला तर कोचच्या तिकिटांपेक्षा फार जास्त पडत नाही आणि थेट हॉटेलच्या दारात सोडते. इथं एक चूक नेहमी होते. 'चार माणसं' टाकली की साधी सेडान गाडी येते आणि तिच्या डिकीत दोनच मोठ्या बॅगा बसतात. बुकिंग करताना सात सीटवाली एमपीव्ही मागा, बॅगांची संख्या लिहा, फ्लाइट नंबर द्या. फ्लाइट नंबर दिला की विमान उशिरा आलं तरी ड्रायव्हर त्याप्रमाणे येतो. मात्र पिकअप उतरल्यानंतर दीड-दोन तासांनी ठेवा. भारतीय पासपोर्टला तिथले स्वयंचलित ई-गेट चालत नाहीत, अधिकाऱ्याच्या खिडकीवर रांगेत उभं राहावं लागतं. पहाटे आशियातून आणि आखातातून आलेली विमानं एकदम उतरली की ही रांग तासावर जाते.

आईंसाठी व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. मदत मोफत असते, आणि बहुतेक वेळा सोबतच्या मंडळींनाही त्याच वाटेनं पुढं नेतात.

बिंदू_चौक_कट्टा

त्याच दिवशीचा विचार डोक्यातून काढा राव.

कागदावर गणित जमतं. सातला उतरलं, नऊला बाहेर, बाराला साउथॅम्प्टन, एकला बोटीवर. पण बोट साडेचारला सुटते याचा अर्थ चेक-इन साडेचारपर्यंत चालू असं नाही. ते साधारण तास-दीड तास आधी बंद होतं, नेमकी वेळ तुमच्या बोर्डिंग पासवर असते. म्हणजे हातात मोकळे दोन तास. मुंबईत जुलैच्या पावसात विमान तीन तास उशिरा सुटणं ही काही बातमीसुद्धा होत नाही.

विमान आणि क्रूझ वेगवेगळं काढलं असेल तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही. पुढच्या बंदरावर गाठायची म्हटलं तर चार नवी विमान तिकिटं स्वतःच्या खिशातून. शुक्रवारी पोचा, गुरुवारी पोचलात तर आणखी बरं. आणि हॉटेल हीथ्रोजवळ घेऊ नका, साउथॅम्प्टनला घ्या, वेस्ट क्वे किंवा स्टेशनच्या आसपास. म्हणजे शनिवारी सकाळी एम३ वर अपघात झाला तरी तुम्ही चहा पीत बसलेले असाल.

साउथॅम्प्टनला क्रूझची पाच टर्मिनल्स आहेत: ओशन, क्वीन एलिझाबेथ दुसरी, सिटी, मेफ्लॉवर आणि होरायझन. पहिली दोन पूर्वेकडच्या गोदीत, डॉक गेट ४ मधून. बाकीची पश्चिमेकडच्या गोदीत, त्यांची गेटं वेगळी. टॅक्सीवाल्याला बोटीचं नाव नको, टर्मिनलचं नाव सांगा. ते कधी कधी शेवटच्या आठवड्यात बदलतं, म्हणून शुक्रवारी रात्री पुन्हा बघा.

खिडकीची_सीट

परतीचं राहिलं. बोट साडेसहाला लागली तरी उतरायला पाळी येईपर्यंत आठ-नऊ वाजतात. हीथ्रोहून दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका. रात्रीचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

उजळाईवाडी_रनवे

आता इकडची बाजू.

पुण्याहून लंडनला थेट विमान नाही. पुणे-दिल्ली-लंडन एकाच तिकिटावर मिळालं तर वाईट नाही, बॅग लोहगावला दिली की थेट हीथ्रोला. कोल्हापूर-पुणे २३० किमी, मुंबईपेक्षा दीडशे किमी कमी. पण दिल्लीत उतरून पुन्हा चढणं आलंच. गोव्याचं मोपा कोल्हापूरहून जवळ आहे, पण पावसात घाट उतरून जायचं आणि शेवटी दिल्ली किंवा आखातातूनच वळायचं. तुमच्यासाठी मुंबईच.

कोल्हापूर-मुंबई विमान घ्यायचा मोह होईल. उजळाईवाडीचा विमानतळ घरापासून वीस मिनिटांवर. पण ते वेगळं तिकीट असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, देशांतर्गत तिकिटावर चेक-इन सामान साधारण १५ किलो, तुमच्या बॅगा २०-२३ च्या, वरच्या किलोंचे पैसे भरावे लागतील. दोन, बॅग मुंबईत घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि टर्मिनल १ ला उतरलात तर टर्मिनल २ ला शहराच्या रस्त्यानं टॅक्सीतून जावं लागतं. तीन, जुलैत ढग खाली आले की छोट्या विमानतळावरची विमानं आधी रद्द होतात, आणि लंडनची कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. घ्यायचंच तर आदल्या दिवशीचं घ्या.

रेल्वे आई-बाबांना सगळ्यात सोपी. लंडनचं विमान दुपारचं असेल तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी, सकाळी दादरला उतरा आणि तिथून टॅक्सीनं सहारचं टर्मिनल २. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर सकाळची कोयना जमते, ती रात्री आठच्या सुमारास मुंबईत पोचते. महालक्ष्मीनं गेलात तर अख्खा दिवस बॅगा सांभाळत काढावा लागेल.

मध्यरात्रीच्या विमानात एक फसगत ठरलेली. तिकिटावर '१६ जुलै, रात्री २.१०' असेल तर घरातून १५ तारखेला सकाळी निघायचं. १६ च्या सकाळी निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं.

आणखी एक. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, उलव्याला, डिसेंबर २०२५ पासून. कोल्हापूरहून द्रुतगती मार्गानं जाणाऱ्याला तो आधी लागतो, म्हणून बरा वाटतो. पण तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचू नका, तीन अक्षरी कोड बघा. बीओएम म्हणजे सहार किंवा सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. येताना लंडनहून एकीकडे उतरून कोल्हापूरचं विमान दुसरीकडून असं झालं तर मध्ये अख्खी खाडी आहे.

पंचगंगा_घाट

जुलैचा तिसरा आठवडा म्हणताय आणि पुराचं नाव कुणी काढलं नाही!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. रेल्वेही थांबली, कारण मिरजेकडची लाइन रुकडीजवळ पंचगंगा ओलांडते. दक्षिणेला बेळगावकडे निघावं तर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर येतं. म्हणजे तिन्ही वाटा एकदम बंद होऊ शकतात, आणि त्या वेळी उजळाईवाडी नदीच्या अलीकडे असली तरी सगळं गाव त्याच तिकिटामागे लागतं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. इशारा पातळी गाठली आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की ४३ ची वाट बघू नका, त्याच दिवशी पुणे किंवा मुंबई गाठून नातेवाइकांकडे राहा. रेल्वेचं आरक्षण दोन दिवस आधीचंही काढून ठेवा, नाही लागलं तर रद्द करता येतं.

रंकाळ्याचा_वारा

पुराचं खरंच डोक्यात नव्हतं. गुरुवारी लंडनला उतरायचं असं ठरवतो आणि कोल्हापूर सोमवारी सोडतो. व्हिसा ब्रिटनचा एकच पुरेल ना? बोट तर तिथूनच सुटते.

खिडकीची_सीट

नाही. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर साउथॅम्प्टनच्या काउंटरवरच थांबवतात. 'आम्ही बोटीतून उतरणारच नाही' हे तिथं चालत नाही.

क्रम असा ठेवा. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. निर्णयाला साधारण तीन आठवडे. तो हातात आला की लगेच शेंगेन. तुमची बंदरं नॉर्वेचीच असतील तर अर्ज नॉर्वेकडे. हा अर्ज सहा महिने आधीपासून चालतो, निर्णयाला १५ दिवस, पण मे-जूनमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही. म्हणून शेंगेनची तारीख एप्रिलमध्येच अडवून ठेवा. एकाच वेळी दोन्हीकडे अर्ज करू नका, पासपोर्ट एकच असतो. शेंगेनसाठी तो दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतल्यानंतर निदान तीन महिने चालू असलेला हवा.

बोट परत साउथॅम्प्टनला येते तेव्हा तुम्ही ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांत सहसा कितीही वेळा शिरता येतं, तरी व्हिसा आल्यावर त्यावर लिहिलेलं वाचून घ्या.

रंकाळ्याचा_वारा

एक शेवटचं. आई विचारतेय, खायला काय न्यायचं?

बिंदू_चौक_कट्टा

काकूंना सांगा, भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला खुशाल न्या. दुधाचं आणि मांसाचं काहीही ब्रिटनमध्ये नेता येत नाही. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, तुपातले लाडू, सुकं मटण सगळं बाद. हीथ्रोला तपासणीत सापडलं तर काढून घेतात. लोणच्याची बरणी नको, तेल गळलं तर सगळे कपडे लाल होतील. लोणचं दोन पिशव्यांत सील करून चेक-इन बॅगेत टाका. आणि चहासाठी विजेची किटली किंवा इंडक्शन नेऊ नका. आगीच्या भीतीनं बोटीवर चढतानाच ते काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात.