फरशीची वाट काढून हरळी लावायची आहे, पण काळ्या मातीत पाणी साचतं

प्रश्न (परभणी): फाटकापासून ओट्यापर्यंत ३० फूट लांब, ३ फूट रुंद शहाबादी फरशीची वाट आहे. फरशीखाली ४ इंच कोबा, त्याखाली मुरूम. बाजूची माती काळी, चिकण. मोठ्या पावसानंतर दोन दिवस पाणी हटत नाही. कोबा फोडून, वाळू मिसळलेली माती भरली तर हरळी धरेल का?

उत्तर १: नुसती माती भरू नका. कोबा काढल्यावर उरतो तो काळ्या मातीतला चर, त्याचा तळ वर्षानुवर्षं दबून घट्ट झालेला. पावसात त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. वाळूही नको. चिकण मातीत थोडी वाळू गेली की ती विटेसारखी बसते. फरक पडायला अर्ध्याहून जास्त वाळू लागते.

आधी पाणी बाहेर काढा. ओट्यापासून ५ फूट सोडून फाटकाकडे १ फूट रुंद, दीड फूट खोल चर घ्या. उतार १० फुटांना सव्वा इंच. जिओटेक्स्टाइल कापड अंथरून ४ इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, छिद्रं खाली, त्यावर २० मिमी खडी. कापड वरून मिटा, वर ६ इंच माती. खडी पाव ब्रासच्या (२५ घनफुटांच्या) आसपास लागेल. राहिलेला तळ कुदळीनं ८ इंच मोकळा करा, पण वाफशावरच, म्हणजे माती ओलसर असून हाताला चिकटत नसताना. ओली काळी माती तुडवली की वाळल्यावर दगड.

प्रश्नकर्ता: बाहेरची नाली वाटेपेक्षा फक्त ८ इंच खोल आहे, पाइप तिच्याही खाली जातो. शोषखड्डा चालेल?

उत्तर १: चालेल, पण काळ्या मातीच्या थराखालचा मूळचा मुरूम लागेपर्यंत खोदलात तर. काळ्या मातीतच थांबलात तर तो पावसाळाभर भरलेलाच राहील. नसेल जमत तर पाइप सोडा, वाटेची पातळीच उंच करून नालीकडे उतार द्या.

उत्तर २: कोब्याचे बारीक तुकडेसुद्धा वेचून काढा. आपली माती आधीच चुनखडीची. त्यात सिमेंट राहिलं की गवताला लोह मिळत नाही, नवी पाती पिवळी पडतात. पडलीच तर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), संध्याकाळी फवारा. फरशीवर उडाला तर गंजाचे डाग पडतात. जिप्सम माती तपासून, ती चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तरच.

वर १ इंच कुजलेलं शेणखत, म्हणजे साडेसात घनफूट. कच्चं घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. माती बसते, म्हणून कडेपेक्षा इंचभर उंच भरा. लव्हाळ्याच्या (तणाच्या) जमिनीतल्या गाठी आताच खणून काढा, हरळी दाटल्यावर ते जमत नाही. पहिल्या चांगल्या पावसानंतर ४-४ इंचांच्या अंतरावर हरळीचे मुळांसकट ठोंब लावा. उन्हाळ्यात भेगा पडू देऊ नका, भेग मुळं तोडते.