कॉलेजच्या जीवाश्मांसाठी कंपनीचा पैसा: करारात काय लिहून घ्यावं?

टिळकवाडीच्या मॅडम
नमस्कार मंडळी. मी बेळगावात भूशास्त्र शिकवते. विभागात दोन कपाटं भरून नमुने आहेत. कलादगी खोऱ्यातले स्ट्रोमॅटोलाइट (प्राचीन सूक्ष्मजीवांच्या थरांतून बनलेले दगड), दख्खन ट्रॅपच्या म्हणजे लाव्हाच्या थरांत अडकलेल्या गाळातले फायसाचे (गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे) शंख, जुन्या सरांनी आणलेली काही हाडं. निम्म्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या.

आता एक कारखाना सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे द्यायला तयार आहे. त्यांना चकाचक हॉल पाहिजे, दारात त्यांच्या मालाची जाहिरात पाहिजे, आणि दोन उत्तम नमुने साहेबांच्या केबिनमध्ये ठेवायला पाहिजेत. मला पाहिजे कपाटं, नोंदणी आणि पगारी एक जाणकार माणूस.

नमुने द्यायला माझं मन अजिबात तयार नाही. आपल्या गोकाकजवळ चिकदौलीला सापडलेल्या जीवाश्म गेंड्याचं वर्णन भूशास्त्रज्ञ ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये छापलं, ऱ्हायनोसेरॉस डेक्कानेन्सिस म्हणून. ते हाड कुठल्या गावात, कुठल्या थरात मिळालं हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून आज त्यावर बोलता येतं. केबिनमध्ये गेलेला नमुना पुढच्या पोरांना कोण दाखवणार? करारात काय घालू, सांगा की.

उद्यमबागचा सीए
मॅडम, जाहिरातीचं आधी मिटवा. मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरतच नाहीत, नियमातच आहे. देणगीदार म्हणून नावाची पाटी चालेल. कपाटं संस्थेच्याच मालकीची राहू देत. त्यासाठी तुमच्या कॉलेजच्या ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) लागते, झाली आहे का बघा. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर असते, तुमच्या माणसाचा पगार प्रकल्पाच्या खर्चात दाखवता येतो. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या, म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं पैसा येऊ शकतो.

निपाणीकर, मुक्काम शिकागो
इथल्या फील्ड म्युझियमचं उदाहरण त्या साहेबांना सांगा. १९९७ मध्ये ‘सू’ हा टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा लिलावात निघाला. मॅकडोनाल्ड्स, डिस्ने आणि इतरांच्या मदतीनं म्युझियमनं तो ८३.६ लाख डॉलरला घेतला. खरी हाडं म्युझियमकडंच राहिली, अभ्यासाला खुली. डिस्नेच्या पार्कात उभी राहिली ती प्रतिकृती. हाडं साफ करायच्या प्रयोगशाळेला मॅकडोनाल्ड्सचं नाव दिलं, लोक काचेतून ते काम बघायचे. तुम्हीही साहेबांना प्लास्टरची प्रतिकृती द्या, आणि नाव द्यायचंच तर नोंदणीच्या खोलीला द्या.

खानापूरची ऋ
मॅडम, एमएस्सी चाललीय माझी. नव्या चिठ्ठ्या कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत करूया. कन्नड मी बघते. फोटोही काढते, शेजारी मोजपट्टी ठेवून.

टिळकवाडीच्या मॅडम
निपाणीकर, प्रतिकृतीचं फार पटलं. सीए साहेब, नोंदणी नाही झालेली, सोमवारी ऑफिसात विचारते. ऋ, शनिवारी ये गं. आधी हाडांचं कपाट घेऊ, तिथं वाळवी जास्त आहे. जुन्या सरांची डायरी त्यांच्या घरच्यांकडं आहे, ती आणते. गावांची नावं तिच्यावरूनच जुळवावी लागतील.