घरच्या पार्किंगसाठी स्मार्ट ईव्ही चार्जर: ३.३, ७.४ की २२ किलोवॅट?

ईस्टर्न_एक्सप्रेस

मुलुंड पूर्वेला सात मजली सोसायटी, वीज महावितरणची. पार्किंग स्टिल्टमध्ये आहे आणि केबलच्या वाटेने मोजलं तर मीटर रूमपासून ४८ मीटर भरतं. गाडीची बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची, ऑनबोर्ड चार्जर ७.२ किलोवॅटचा. रोज सीप्झला जाऊन-येऊन ३५ किलोमीटर, महिन्यातून दोनदा पुणे. घराचा मंजूर भार ५ किलोवॅट, सिंगल फेज. दीड टनाचे दोन एसी, २ किलोवॅटचा गीझर, महिन्याला साधारण ३०० युनिट.

एक विक्रेता म्हणतो १५ अँपिअरचा, म्हणजे ३.३ किलोवॅटचा सॉकेट बसवा, काम भागेल. दुसरा ७.४ किलोवॅटचा स्मार्ट चार्जर सुचवतो. तिसरा २२ किलोवॅटचा, "पुढची सोय" म्हणून. वायरमन म्हणतो ६ स्क्वेअर एमएमची केबल घरच्याच मीटरवरून ओढू. कोणाचं ऐकावं? आणि स्मार्टचे जास्तीचे पैसे कशाचे?

रोहित्र

२२ किलोवॅट डोक्यातून काढा. त्याला थ्री फेज लागतं, प्रत्येक फेजवर ३२ अँपिअर. एसी चार्जिंगमध्ये एसीचं डीसी करणारा भाग गाडीत असतो. भिंतीवरचा डबा म्हणजे कॉन्टॅक्टर (मोठा स्विच), सुरक्षा आणि थोडी अक्कल. गाडी ७.२ घेणारी असेल तर डब्यावर २२ लिहिलं म्हणून ती जास्त खाणार नाही. उद्या ११ किलोवॅट घेणारी गाडी आली तरी तिला थ्री फेज मीटर लागेलच.

आता तुमची गरज पाहू. ३५ किलोमीटरला किलोमीटरमागे ०.१५ युनिट धरले तर सव्वापाच युनिट, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर सहा. १६ अँपिअरवर ही भरपाई पावणेदोन तासांत होते. अगदी ६ अँपिअरवर, म्हणजे १.४ किलोवॅटच्या आसपास, साडेचार तास. गाडी रात्रभर उभीच असते. पुण्याहून १० टक्क्यांवर परतलात आणि सकाळी पूर्ण हवी असेल तेव्हाच ७.४ चा फरक पडतो: सव्वासहा तास, ३.३ वर साडेतेरा.

तरी ३.३ चा प्लग मी सुचवणार नाही, आणि वेगाचा त्यात काही संबंध नाही. घरातला मॉड्युलर १६ अँपिअरचा सॉकेट इस्त्री-गीझरसारख्या अर्ध्या तासाच्या कामाला ठीक. त्यातून १५ अँपिअर सलग आठ तास काढले की आतली पितळी पकड तापून सैल होते, सैल झाली की आणखी तापते, आणि एक दिवस प्लॅस्टिक वितळतं. पर्याय म्हणून सॉकेट हवाच असेल तर निळा इंडस्ट्रियल, तीन पिनांचा.

स्मार्टमधली पैसे देण्यासारखी गोष्ट एकच: लोड मॅनेजमेंट. चार्जर गाडीला पायलट वायरवरून १ किलोहर्ट्झच्या पल्सने सांगतो की किती अँपिअर घ्यायचे. १० टक्के ड्युटी (पल्स चालू असण्याचा वेळ) म्हणजे ६ अँपिअर, २६.७ म्हणजे १६, ५३.३ म्हणजे ३२. घराचा एकूण करंट मोजून हा आकडा सतत खालीवर करता येतो. तुमचे ५ किलोवॅट म्हणजे सुमारे २१ अँपिअर. रात्री एक एसी आणि फ्रिज मिळून ९ धरा, गाडीला १२ उरतात, सहा युनिट दोन-सव्वादोन तासांत भरतात. सकाळी गीझर लागला की उरतात जेमतेम ४. सहाच्या खाली चार्जिंग चालतच नाही, म्हणून चार्जर थांबतो आणि गीझर बंद झाला की आपोआप पुन्हा सुरू होतो. हे नसेल तर दोन्ही एसी, गीझर आणि गाडी मिळून साडेबारा किलोवॅटच्या घरात जाल. मंजूर भार वाढवावा लागेल, बहुधा थ्री फेजही. चार्जरची नोंद वीज कंपनीकडे करावी लागते का, ते मात्र दोन्ही परिस्थितींत विचारा.

तांब्याची_तार

६ स्क्वेअर एमएमवर माझा आक्षेप आहे. ४८ मीटरवर ३२ अँपिअर नेले तर तापलेल्या केबलमध्ये सुमारे ११ व्होल्ट पडतात, म्हणजे जवळजवळ ५ टक्के. साडेतीनशे वॅट नुसते केबल तापवण्यात जातात, तेही मीटरच्या पुढे, म्हणजे बिल तुमचंच. संध्याकाळी लाइन २१० वर आली की चार्जरला १९९ मिळतात. काही चार्जर तिथे अंडरव्होल्टेज दाखवून सुटतात (ट्रिप होतात) आणि लोक चार्जरला शिव्या घालतात. १० स्क्वेअर एमएम घेतली तर ड्रॉप पावणेसात व्होल्ट, ३ टक्क्यांच्या आत. तांब्याचीच, आर्मर्ड, तीन कोअर.

एमसीबी ४० अँपिअरची, सी कर्व्ह. ३२ अँपिअर तासन् तास चालतात, त्यामुळे ३२ ची एमसीबी उन्हाळ्यात बंद पेटीत तापून विनाकारण सुटते. आणि ४० ची एमसीबी पाइपातून ओढलेल्या ६ स्क्वेअर एमएमला संरक्षण देत नाही, हे वायरमनला विचारा, काय म्हणतो बघा.

आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची, फक्त या लाइनसाठी वेगळी. प्रकार नीट वाचा. टाइप एसी चालणार नाही: गाडीतून डीसी गळती आली की तिचा गाभा संपृक्त होऊन ती आंधळी होते, टेस्ट बटण दाबलं तरी कधीकधी सुटत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी शोधणारी सोय असेल तर टाइप ए पुरे, नसेल तर टाइप बी, आणि ती महाग असते. ब्रोशरमध्ये हा ६ चा आकडा लिखित नसेल तर दुसरा चार्जर बघा. आयएस १७०१७ चा (ईव्ही चार्जिंगच्या भारतीय मानकाचा) उल्लेखही मागा.

बाकी मुंबईचं हवामान. आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बंद) घ्या, ग्लँड (केबल आत शिरते ते घट्ट बूच) तळाकडून, केबलला खाली झोका देऊन मग वर, म्हणजे पाणी झोक्यावरून टपकतं. पावसाळ्यात आरसीसीबी सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वरून घातलेली केबल आणि ग्लँडमधून शिरलेली ओल. केबलच्या टोकांचे लग टिन केलेलेच. चार्जर जमिनीपासून दीड मीटरवर. २६ जुलैचं पाणी पाहिलेल्या सोसायटीत याचं कारण सांगावं लागत नाही.

सेक्रेटरी_सी_विंग

आधी सोसायटीचं ना हरकत पत्र घ्या, मग केबल. अर्जासोबत केबलच्या वाटेचा नकाशा, कॉन्ट्रॅक्टरच्या परवान्याची प्रत आणि "भिंत-स्लॅब तोडफोड नाही, ट्रेवरून नेऊ" एवढं लिहिलंत तर निम्मे आक्षेप तिथेच संपतात. ट्रे रुंद टाकायला लावा. उद्या दुसरा रहिवासी येईल तेव्हा पुन्हा स्लॅबला भोकं नकोत.

मीटरचं गणित आधी करा. रोजचे सहा युनिट, महिन्याला २५ दिवस म्हणजे १५०. पुण्याच्या दोन फेऱ्यांनंतर प्रत्येकी ४५. झाले २४०. घरचे ३०० आधीच संपलेले, त्यामुळे गाडीचे २०० युनिट ३०१ ते ५०० च्या टप्प्यात आणि ४० त्याच्याही वर. घरचा सरासरी दर इथे कामाचा नाही, वरच्या टप्प्यांचा दर धरा. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं तर ईव्ही वर्गाचा दर लागतो, पण स्थिर आकारही वेगळा बसतो. दोन्ही बिलं कागदावर मांडा. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि महानगरात अर्ज पूर्ण असेल तर जोडणीची मुदत ३ दिवस आहे.

रात्री वीज स्वस्त हे डोळे मिटून धरू नका. सौरऊर्जेमुळे सवलत दुपारच्या तासांकडे सरकते आहे. चालू दरआदेश बघूनच शेड्यूल लावा.

ईस्टर्न_एक्सप्रेस

धन्यवाद. दोन शंका. स्टिल्टमध्ये मोबाइलला एक काडीही येत नाही, मग ॲपचं काय? आणि वायरमनने पार्किंगमधल्या जुन्या लाइनवर काहीही न जोडता न्यूट्रल आणि अर्थ (अर्थिंग) यांच्यामध्ये १८ व्होल्ट मोजले. तो म्हणतो, जुन्या बिल्डिंगमध्ये असं असतंच.

रोहित्र

१८ व्होल्ट "असतंच" म्हणून सोडू नका. काही न जोडता दोन-तीनच्या वर दिसलं तर बहुधा अर्थ तुटलेली, पाण्याच्या पाइपला बांधलेली किंवा न्यूट्रल सैल आहे. पुष्कळ गाड्या अशा वेळी अर्थ फॉल्ट दाखवून चार्ज होतच नाहीत, आणि तसं दाखवणं योग्यच आहे. जुन्या लाइनचा काही भाग वापरू नका. मीटर रूमच्या मुख्य अर्थ पट्टीपासून नवी केबल आणा, अर्थ पिटचा रोध टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या खाली मागा.

तांब्याची_तार

एक जोड. चार्जिंग चालू असताना ३२ अँपिअरवर न्यूट्रल-अर्थ साडेतीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. तो १० स्क्वेअर एमएमच्या न्यूट्रलमधला ड्रॉप आहे, अर्थचा दोष नाही. मोजणी आधी विनालोड, मग लोडवर.

ॲपबद्दल: वायफाय चालणार नाही, सिमही नाही. ब्लूटूथने सेट होणारा आणि वेळापत्रक स्वतःच्या घड्याळात ठेवणारा चार्जर घ्या. आरएफआयडी कार्डची यादीही आतच साठवणारा हवा. ओसीपीपी १.६ (चार्जर आणि सर्व्हर यांची सामायिक भाषा) असेल तर सर्व्हरचा पत्ता बदलता येतो का ते विचारा. कंपनीने ॲप बंद केलं तर डबा निकामी व्हायला नको. वेळ गाडीत लावा किंवा चार्जरमध्ये, दोन्हीकडे नाही. दोन वेळा जुळल्या नाहीत की सकाळी गाडी होती तेवढ्याच टक्क्यांवर.

लोड मॅनेजमेंटची सीटी (घराचा एकूण करंट मोजणारी कडी) कुठे बसते तेही ठरवा. मीटरनंतर घर आणि गाडी यांच्या लाइनी फुटतात, त्या फुटण्याच्या आधी हवी, म्हणजे मीटर रूममध्ये. मीटरच्या सीलला कोणी हात लावायचा नाही. सीटीची बारीक वायर ४८ मीटर लांबवू नका, वाटेत कचरा सिग्नल शिरतो. तिथे छोटा आरएस-४८५ वाला (वायरवरून लांबपर्यंत आकडे पाठवणारा) एनर्जी मीटर बसवा आणि शील्ड असलेली, पीळ दिलेली वायरची जोडी चार्जरपर्यंत आणा. विक्रेत्याचं कोटेशन बहुतेक वेळा हा मीटर आणि ही केबल विसरलेलं असतं.

सेक्रेटरी_सी_विंग

कमिटीला सांगायला एक आकडा: बारा गाड्या एकदम ७.४ वर लावल्या तर ८९ किलोवॅट. तेच बारा चार्जर आपसात भार वाटून घेणारे असतील तर सगळ्यांना ६ अँपिअर देऊन १७ किलोवॅटच्या आत बसतात. त्यामुळे आत्ता घेताय तो एकट्याने चालणारा नको, गटात जोडता येणारा मॉडेल बघा.

रोहित्र

पैसे देण्याआधी तंत्रज्ञासमोर दोन गोष्टी करून पाहा. चार्जिंग चालू असताना एमसीबी पाडा, पाच मिनिटांनी उचला. कार्ड न दाखवता स्वतः सुरू झाला पाहिजे, नाहीतर रात्री वीज गेली-आली की सकाळी गाडी रिकामी. मग दोन्ही एसी आणि गीझर लावून गाडीचे अँपिअर खाली येतात का ते गाडीच्या स्क्रीनवर बघा. तासाभराने एमसीबीला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर स्क्रू पुन्हा आवळायला लावा.

ईस्टर्न_एक्सप्रेस

७.४ स्मार्ट, १० स्क्वेअर एमएम, नवी अर्थ. वायरमनला यादी पाठवली. आरसीसीबीचा प्रकार विचारला तर म्हणाला, "जो मिळेल तो." दुसरा परवानाधारक शोधतोय.

तांब्याची_तार

जुन्याला निदान ४० ची एमसीबी आणि ६ स्क्वेअर एमएमचं विचारलंत का?

ईस्टर्न_एक्सप्रेस

विचारलं. "ट्रिप झाली तर ६३ ची टाकू" म्हणाला.