पाहुण्यांना मुंबई दाखवायची तर गेटवे की भाऊचा धक्का?

सूरसागर_काठ
दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याहून आम्ही सात जण मुंबईला जाऊन आलो. पहिल्या दिवशी ‘मुंबई दर्शन’ची बस केली. गेटवेला वीस मिनिटं, मलबार हिलवर चहा, मरीन ड्राइव्ह खिडकीतून, आणि एका दुकानासमोर चक्क पाऊण तास, कारण ड्रायव्हरचं तिथे काहीतरी ठरलेलं होतं. संध्याकाळी लॉजवर पाय चेपत आत्या म्हणाली, “अरे, मुंबई बंदर ना? मग जहाजं कुठे असतात?”

मी गप्प. खरंच, दिवसभरात एक जहाज धड पाहिलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला चुलतभावाबरोबर कुलाब्याच्या ससून डॉकवर गेलो. ससून घराण्याने 1875 मध्ये बांधलेली गोदी. ट्रॉलर एकाला एक खेटून लागलेले. मासळीने भरलेल्या टोपल्या होडीतून धक्क्यावर नुसत्या फेकतात आणि वरचा माणूस न बघता झेलतो. एका बाजूला बायका ओळीने बसून कोलंबी सोलत होत्या, गप्पा चालू, हात मात्र यंत्रासारखे. पायाखाली बर्फाचा चिखल. मला तर मुंबई तिथेच दिसली.

माझं म्हणणं असं की दोन दिवस असतील तर मरीन ड्राइव्ह वगैरे सोडा, पूर्व किनारा बघा. आपण ‘समुद्र’ म्हणून जो बघतो तो पश्चिमेचा. बंदर आहे पूर्वेला, मुंबई आणि पलीकडच्या जमिनीच्या मधल्या आडोशाच्या पाण्यात. तो आडोसा नसता तर हे शहर झालंच नसतं.

रावपुऱ्याची_सून
माहेर गिरगाव, त्यामुळे बोलणारच. ससून डॉक हे काय प्राणिसंग्रहालय आहे का? लोक तिथे पोटासाठी राबतायत. तुम्ही नुसतं बघायला जाऊन वाटेत उभे राहिलात, म्हणजे कोणीतरी “ए, बाजूला हो” म्हणून ओरडलंच असेल. आणि फोटोला मनाई आहे, ते लिहा की.

राहता राहिला गेटवे. बसवाल्याने वीस मिनिटांत हाकललं यात त्या कमानीचा काय दोष? 1911 मध्ये पंचम जॉर्ज आला तेव्हा तिथे पुठ्ठ्याची कमान होती. खऱ्या कमानीची पायाभरणी 1913 ची, ती पुरी झाली 1924 मध्ये. आणि फेब्रुवारी 1948 मध्ये शेवटची गोरी पलटण त्याच कमानीखालून बोटीत बसली. ज्याच्या स्वागतासाठी बांधली त्याचंच सैन्य तिथून परत गेलं! एवढं सांगून उभं करा आत्यांना. तोंड पूर्वेला करून. समोर जहाजंच जहाजं नांगरलेली दिसतील. तुमचं ते बंदर गेटवेवरूनच दिसतं, साहेब.

सूरसागर_काठ
ओरडले, हे खरं. दोनदा. पण गेटवेवर मला समोर सेल्फीवाल्यांच्या पाठीच दिसल्या, जहाजं नाहीत.

दांडियाबाजार_71
मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. वडिलांनी गेटवेसमोर फोटो काढून घेतला, कबुतरांसकट. तो आजही आमच्या दिवाणखान्यात आहे. तुम्ही तरुण मंडळी ‘खरी मुंबई’ शोधता, चांगलं आहे. पण ज्याने समुद्रच पाहिलेला नाही त्याला आधी समुद्र दाखवा. आपल्या बडोद्यात पाणी म्हणजे सूरसागर तलाव, नाहीतर विश्वामित्री नदी, तीही मगरींसकट. माझ्या सौभाग्यवती मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसल्या आणि अर्धा तास बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात ही पहिलीच वेळ.

मासळीचा वास त्यांना झेपला नसता, हे वेगळं सांगायला नको.

मकरपुरा_शिफ्ट
दोन्ही पक्ष घारापुरीला विसरले. गेटवेवरून लाँचने साधारण तासभर, तेवढ्यात बंदर फुकटात दिसतं: नौदलाच्या नौका, तेलवाहू जहाजं, पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन. वर लेण्यातली ती तीन मुखांची शिवमूर्ती, तीन माणसं एकावर एक उभी केली तरी पुरणार नाहीत एवढी. 1987 पासून जागतिक वारसा आहे. सोमवारी बंद, हे आधी बघून घ्या. आमचे दोघं शेजारी सोमवारीच गेले होते.

गंमत म्हणजे ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव ठेवलं तो बेटावर नाहीच. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. नंतर जोडून ठेवला, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

रावपुऱ्याची_सून
घारापुरीला वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत, ते राहिलं. आणि लाँचमध्ये लाइफ जॅकेट घाला, कितीही गरम झालं तरी. 18 डिसेंबर 2024 ला त्याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट लाँचला धडकून माणसं गेली. माझी मावशी तेव्हापासून लाँचचं नाव काढत नाही.

मांडवीचा_भाचा
थोडं विषयांतर. आपल्या बडोद्याच्या मांडवीची एक जुळी बहीण मुंबईतही आहे, मस्जिद बंदरला. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज फुटलं, तेव्हा ही मांडवी जळाली. जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या! वर सोन्याच्या लगडीही होत्या, त्या उडून गोदीत आणि लोकांच्या घरांवर पडल्या. आग विझवायला गेलेले साठहून जास्त बंबवाले गेले. म्हणून 14 एप्रिल अग्निशमन सेवा दिन असतो. हे कुठल्या बसचा गाइड सांगतो?

आणि बडोद्याला समुद्राचं काय, असं कोणी म्हणू नये. ओखा बंदर बडोदा संस्थानानेच बांधलं, 1926 मध्ये.

त्यामुळे माझं मत धागाकर्त्याला. फक्त ससूनऐवजी भाऊचा धक्का. भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला, म्हणून ते नाव. तिथून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोट जाते, 2020 पासून. गाडीसकट चढा, वर मोकळ्या डेकवर उभे राहा. तासाभरात अख्खं बंदर उलगडतं, कोणाच्या कामात लुडबुड नाही आणि कोणी ओरडतही नाही.

दांडियाबाजार_71
रो-रोमध्ये बसायला खुर्च्या असतात का? हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

मांडवीचा_भाचा
असतात, काका. एसी डबाही आहे. काकूंना तिथे बसवा, तुम्ही डेकवर या.

नवीन_खातं_बडोदा
मी हे सगळं वाचून गोंधळलोय. आई 70 ची, गुडघे दुखतात, मुलगा 8 चा, बायकोला फक्त खरेदी. दोनच दिवस. काय करू?

रावपुऱ्याची_सून
आईंना गेटवेवर सकाळी आठच्या आत न्या, गर्दी नसते. तिथून टॅक्सीने भाऊचा धक्का, मांडव्याला जाऊन परत या, उतरायची गरज नाही. घारापुरी नको. चढायला खुर्चीची डोली मिळते, पण त्या आधी भाव करावा लागतो आणि तो तुम्हाला जमेल असं वाटत नाही. खरेदी दुसऱ्या दिवशी, तुम्ही बॅगा धरायच्या.

सूरसागर_काठ
गेटवेचं माझं वीस मिनिटांचं होतं, मानतो. ससून डॉक मात्र सोडणार नाही. आत्याला विचारलं, तर म्हणाली मला पुढच्या वेळी पहाटे उठव, मी येते, फक्त बूट घ्यायला लागतील.